खुर्चीत बसून चाललेली अकरा हजार पावले

"म्हणजे मी करायचं काय?" मुकादमबाईंनी तिसऱ्यांदा विचारले.

"काहीच नाही, आई," सून तिसऱ्यांदा म्हणाली. "सोमवार सकाळपासून बुधवार सकाळपर्यंत खुर्ची, पलंग आणि न्हाणीघर. बस्स."

"ते कळलं गं. पण काम काय?"

"तेच काम आहे."

कापडगिरणीच्या विणकाम खात्यात एकतीस वर्षे मुकादमी केलेल्या, दोनशे चाळीस मागांवर एकटीने नजर ठेवलेल्या बाईंपुढे आजवर कोणी असले काम आणण्याचे धाडस केले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा चढवला. सूनबाईंचा चेहरा मात्र तोच राहिला. त्या चेहऱ्यावर तीन वर्षांची झोप थकलेली होती.

सून शरीरक्रियाशास्त्र विभागात संशोधन करीत असे. तिचा प्रश्न ऐकायला साधा होता. आपण ज्या प्राणवायूवर जगतो, तोच शरीर चालवता चालवता आत थोडीफार मोडतोड करीत असतो. व्यायाम जितका जोरकस, तितकी ती मोडतोड मोठी. आणि मग विसाव्याच्या तासांत शरीर ती निस्तरते. किती जोर लावला तर किती मोडते, आणि किती तासांत सावरते, हे तिला रक्तावरून मोजायचे होते. त्यासाठी सौम्य, मध्यम आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांचे तीन गट होते आणि तुलनेसाठी चौथा, काहीही न करणारा स्वस्थ गट. या चौथ्या गटातल्या सहा जणांपैकी एकाची ऐन वेळी बदली झाली. पाच माणसांवर हिशेब उभा राहत नाही आणि शुक्रवारी दुपारी समितीपुढे अहवाल ठेवायचा होता. प्रत्येकाच्या रक्ताची तुलना त्याच्याच आधीच्या रक्ताशी व्हायची असल्यामुळे वयाची अडचण नव्हती. विभागप्रमुखांनी घरचे माणूस घ्यायला नाखुशीने होकार दिला होता, पण बोट उगारूनच: "एक जरी घोळ झाला, तर तुमचं काम इथे संपलं असं समजा."

"बसते," मुकादमबाई म्हणाल्या. "शब्द दिला."

बाईंचा शब्द म्हणजे काय, हे त्या घरात नव्याने सांगावे लागत नसे.

आता या कथेतली खरी गाठ अशी की, घरात प्रयोगाला बसलेले माणूस एक नव्हते. नकाशे काढणाऱ्या कचेरीत दिवसभर टेबलाशी वाकून बसणारा बाईंचा मुलगा दोन महिन्यांपूर्वीच बायकोच्या यादीत शिरला होता, आणि त्याच्या वाट्याला जोरकस गट आला होता. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर त्याने इतके पाय मारले की उतरल्यावर जमीन कुठे आहे हे त्याला विचारावे लागले. यानंतर अठ्ठेचाळीस तास त्याने कसलेही श्रम करायचे नव्हते. त्याचे शरीर कसे सावरते, तेच तर बघायचे होते. आणि प्रयोगाचा कडक नियम असा, की आपण कुठल्या गटात आहोत हे कोणी कोणालाही सांगायचे नाही. तेव्हा मुलाने आईला एवढेच सांगितले, "दोन दिवस सुट्टी शिल्लक होती, घेतली."

दोघांच्याही मनगटांवर पावले मोजणारी घड्याळे बांधून, रक्त घेऊन सून परत कामावर गेली. मुलगाही यादीत आहे एवढे बाईंना दिसले, पण त्याने पडून राहायचे आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मुलगा पलंगावर आडवा झाला. घरात अशी शांतता पसरली की पंख्याला संकोच वाटावा.

ती शांतता जेमतेम वीस मिनिटे टिकली.

"तो पडदा वाकडा आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे ना, आई."

"नऊ वर्षं झाली मला घरी बसून. आजवर कसा दिसला नाही?"

"तू घरी असतेस. बसली कधी होतीस?"

बाईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले. उठण्याआधी माणूस टेकतो तसे. "मी बघते."

"बस! बस, आई, मी करतो!" मुलगा पलंगावरून उठला. त्याच्या मांड्यांनी याला तीव्र हरकत घेतली.

त्याच्या डोक्यात त्या क्षणी एक हिशेब झाला आणि तो चुकीचा मुळीच नव्हता. जोरकस गटात बारा माणसे होती. एक बाद झाले तरी अकरा उरतात. स्वस्थ गटात सहा होती. आई उठली तर बायकोच्या संशोधनाची तीन वर्षे गेली. तेव्हा आई खुर्चीतून हलता कामा नये, मग आपले काहीही होवो. नवरेपणाचा इतका शुद्ध विचार त्याने लग्नानंतर प्रथमच केला होता, आणि नियमामुळे तो कोणाला सांगताही येत नव्हता.

पडदा वाकडा होता कारण दांडी वाकली होती. दांडी काढायला उंच स्टूल हवे होते. स्टूल माळ्यावर होते, दोन पत्र्याच्या ट्रंकांच्या मागे. ट्रंका खाली आल्या. खाली आल्यावर बाईंनी झाकणे उघडायला लावली. आत थंडीच्या कपड्यांना कुबट वास येत होता.

"गच्चीवर टाक सगळं. उन्हात."

"गच्ची तीन मजले वर आहे."

"मग मी नेते."

"नेतो!"

बाई बोलत तोंडाने, पण खरे काम घेत ते हातांनी. विणकाम खात्यात माग सुरू झाले की शेजारच्या माणसाने कानात ओरडले तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथे हुकूम हाताने सुटत. छातीपासून बाहेर फेकलेला तळवा म्हणजे "हलव". एकमेकींभोवती फिरणाऱ्या दोन मुठी म्हणजे "आवळ". डोक्यावर गरगरणारे बोट म्हणजे "चौफेर बघून ये". घरात यंत्र म्हणून आता एक पंखाच उरला होता, तरी बाईंचे हात काही निवृत्त झाले नव्हते. मुलगा तर अक्षरे वाचायच्या आधी ते हात वाचायला शिकला होता. तो ट्रंक उचलून दारापाशी पोहोचेपर्यंत खुर्चीतून चार आज्ञा झालेल्या असत: डावीकडून जा, चौकट सांभाळ, खाली ठेवू नकोस, पाय पूस.

त्याने ट्रंका वर नेल्या. संध्याकाळी आभाळ भरून आले म्हणून खाली आणल्या. मंगळवारी ऊन पडल्यावर पुन्हा वर नेल्या. ट्रंका गेल्यावर माळा रिकामा दिसला, म्हणून धुतला. माळ्याचे पाणी कपाटामागे उतरले, म्हणून कपाट हलवले. कपाटामागची भिंत बघून बाईंनी दोन्ही हात वर केले आणि जे एक लांबलचक वर्तुळ काढले, त्याचा अर्थ गिरणीत "खाते बंद करा, सगळे झाडून काढा" असा होत असे. त्यानंतर गाद्या निघाल्या.

आणि हे नमूद केले पाहिजे की, दोन दिवसांत बाई एकदाही खुर्ची, पलंग आणि न्हाणीघर यांच्या पलीकडे गेल्या नाहीत. एक पाऊलही नाही.

मंगळवारी संध्याकाळी सून घरी आली, तेव्हा घर नव्याने बांधल्यासारखे लखलखत होते. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि नवरा सात वाजता घोरत होता.

"दमलास का रे?" तिने त्याला हलवून विचारले.

"छे," तो डोळे न उघडता म्हणाला. "विश्रांती फार झाली."

मंगळवारी सकाळी घेतले होते तसेच बुधवारी सकाळी तिने दोघांचे शेवटचे रक्त घेतले, कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या, घड्याळे काढून घेतली आणि आनंदाने निघून गेली.

गुरुवारी ती रडत परत आली.

"सरांनी सगळे आकडे मांडले," ती जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाली. "घड्याळ म्हणतं, मंगळवारी याने नऊशे बारा पावलं टाकली. आणि आई, तुम्ही अकरा हजार दोनशे चौदा."

बाईंच्या हातातला पाण्याचा पेला वाटेतच थांबला.

"आणि रक्त बरोबर उलटं सांगतं. चोवीस तासांनी याची मोडतोड कमी व्हायला हवी, ती वाढलीय. अठ्ठेचाळीस तासांनीही तशीच. आणि तुमचं रक्त एकदम शांत. सर म्हणतात, जो चालला त्याचं रक्त शांत आणि जो पडून होता त्याचं खवळलेलं, असं होत नाही. म्हणजे मी कुप्या बदलल्या. एकाच घरातल्या, एकाच टेबलावरच्या. उद्या दुपारी समितीपुढे ते तसंच सांगणार आहेत." तिने डोळे पुसले. "पण कुप्या मी नाही बदलल्या हो. प्रत्येक कुपीवर दोनदा नाव बघितलं मी."

मुलगा उभा राहिला आणि लगेच टेबलाला धरून खाली बसला. "रक्त खरं आहे," तो म्हणाला. "मी पडून नव्हतो." आणि त्याने पडद्यापासून गाद्यांपर्यंत सारे सांगून टाकले.

बाई ऐकत गेल्या तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. "तुला विसावा घ्यायचा होता? मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोलायचं नव्हतं. नियम होता. आणि बोललो असतो तर तू स्वतः उठली असतीस."

आणि बाई खरोखरच उठल्या असत्या.

"पण मग अकरा हजार पावलं?" सुनेने हळूच विचारले. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग सासूकडे. "आई... रागावू नका. दोन दिवस म्हणजे फार होतात. चुकून थोडंसं..."

"थोडंसं?" बाईंचा आवाज खाली आला. तो वर गेला असता तर बरे झाले असते. "मी शब्द दिला होता. उद्या सकाळी मला तुझ्या सरांकडे ने."

विभागप्रमुख कोरडे, सडपातळ आणि आकड्यांवर निस्सीम श्रद्धा असलेले गृहस्थ होते. त्यांच्याही मनगटावर तसेच घड्याळ होते आणि रोजची दहा हजार पावले भरल्याशिवाय ते जेवत नसत, असा त्यांचा लौकिक होता.

"या आजी, बसा," ते म्हणाले.

"आजी नातवंडांची. मला मुकादमबाई म्हणतात," बाई खुर्ची ओढून बसल्या. "तुमचं म्हणणं मी उठले असं?"

"माझं म्हणणं काही नाही. घड्याळाचं आहे. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही."

"मग बांधा ते घड्याळ माझ्या हाताला. मी इथून हलत नाही. दुपारपर्यंत बसते. बघू आकडा काय म्हणतो ते."

विभागप्रमुखांनी खांदे उडवले. सुनेने शून्यावर आणलेले घड्याळ बाईंच्या उजव्या मनगटावर बांधले. बाई ताठ बसल्या. आयुष्यात प्रथमच आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि ते नेमके काय केले म्हणजे सिद्ध होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्या प्रयोगशाळा बघू लागल्या.

"त्या फ्रीजमध्ये काय असतं?"

"रक्ताचे नमुने."

"मग तो उन्हात का?"

विभागप्रमुख वळले. पूर्वेच्या खिडकीतून आलेले ऊन खरोखरच फ्रीजच्या पाठीवर पसरले होते. बहुधा तो बसवल्यापासून रोजच पसरत असावे.

"हलवा," बाई म्हणाल्या आणि तळवा छातीपासून बाहेर फेकला. सोबत आलेला मुलगा सवयीने पुढे झाला. "तू नाही! तू बस. तुम्ही, तिकडचे दोघं. आणि साहेब, तुम्ही तिसरा कोपरा धरा. अंहं, तारेवर नका ओढू. उचला. डावीकडे. अजून. ते टेबल आधी घ्या मागे, ते वाटेत येतं हे दिसत नाही का? बाटल्या काढा त्याच्यावरच्या. हां. आता फिरवा. फिरवा!"

त्या खोलीत पुढची पंधरा मिनिटे जे घडले, ते पाहणाऱ्याने थक्कच व्हावे. दोन साहाय्यक, एक विभागप्रमुख, एक फ्रीज आणि तीन टेबले एका खुर्चीभोवती अशी फिरत होती, जणू त्या साऱ्यांना एकच दोरा ओवलेला होता आणि त्याचे टोक त्या म्हाताऱ्या बोटांत होते. कोणी विरोध केला नाही. विरोध करण्यासाठी आधी हात रिकामा असावा लागतो.

"आई," सून एकाएकी म्हणाली, "हात आहे तिथेच थांबवा."

हात हवेत थांबला. सुनेने घड्याळावर नजर टाकली. तिने मनगट अलगद विभागप्रमुखांकडे वळवले.

सहाशे अडतीस पावले.

"पण या तर..." विभागप्रमुखांना धाप लागली होती. "या तर बसून आहेत."

"घड्याळाला पाय कुठे दिसतात, सर? त्याला हात हललेला कळतो. आता तुमचं बघा."

विभागप्रमुखांनी फ्रीजला धरलेले हात सोडवून बाही वर केली. त्या पंधरा मिनिटांत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते सहा वेळा गेले होते. दोन्ही हातांत ओझे घट्ट, मनगटे स्थिर. घड्याळाने तेवढ्या वेळाच्या खात्यावर सात पावले मांडली होती.

"सात," ते पुटपुटले. कपाळावरून घाम ओघळला तरी त्यांनी तो पुसला नाही. मग ते सुनेकडे वळले आणि इतका वेळ टाळलेल्या तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी सरळ पाहिले. "कुप्या बरोबर होत्या. चूक माझी."

"बाकीच्यांची पावलं?" सुनेने घाबरून विचारले.

"बाकीच्यांपैकी कोणी हाताने गिरणी चालवलेली नाही," ते म्हणाले. "ती राहू द्या."

समितीपुढे अहवाल गेला, तेव्हा स्वस्थ गटात सहाच्या सहा माणसे होती. मुलाला जोरकस गटातून वगळले आणि अकरांवर भागले. विभागप्रमुखांनी फक्त एक विनंती केली: मुलाने आता खरोखर पडून राहावे आणि रविवारी आणखी एकदा रक्त द्यावे. "प्रयोगासाठी नव्हे," ते थोडे संकोचून म्हणाले, "मला बघायचं आहे म्हणून."

रविवारी दुपारी सून त्याच्या रक्ताचा आलेख कागदावर काढून घेऊन आली आणि सासूपुढे ठेवला.

"ही सोमवारची सकाळ. सायकलनंतर रेघ इथे चढली. इथे तुमच्या ट्रंका. इथे कपाट. ह्या गाद्या." रेघ चढतच होती. बाईंनी मान खाली घातली. "आणि हा आजचा दिवस."

रेघ उतरली होती. जिथून निघाली होती, तिथे परत आली होती.

"आत होतं काय नेमकं?" बाईंनी विचारले. "मला माझ्या भाषेत सांग."

सुनेने क्षणभर विचार केला. "माग चालताना धागा तुटतो ना, आई?"

"तुटणारच. तुटलेलं टोक मोकळं सुटतं, शेजारच्या धाग्यात अडकतं, त्यालाही तोडतं. म्हणून सांधणारी माणसं ठेवायची. ती लगेच गाठ मारतात."

"शरीरात तसंच असतं. मध्यम चालीने चालवलं तर जेवढे धागे तुटतात तेवढे सांधले जातात. चाल फार वाढवली तर तुटणारे जास्त, सांधणारे कमी. मग माग थांबवावा लागतो."

"बरोबर आहे. वेड्यासारखा माग पळवणाऱ्याला मी खात्यात उभा करत नसे." बाईंनी आलेखावर बोट ठेवले. "ही खालची दुसरी रेघ कसली?"

"ती सांधणाऱ्यांची. बघा ना. सोमवारी एवढी होती आणि आज त्याच्याही वर आहे. एकदा एवढं तुटल्यावर शरीराने नुसतं सांधून नाही ठेवलं, पुढच्या वेळेसाठी माणसं वाढवली. आणि माहीत आहे, तुमच्या रक्तात ही रेघ सगळ्या सहा जणांत वरची होती? सर मला विचारत होते, या बाई एकतीस वर्षं करत काय होत्या?"

"चालत होते. मागांच्या रांगांमधून, रोज. धावले कधी नाही. मुकादम धावला की कामगार घाबरतो."

सून हसली. बाई हसल्या नाहीत. त्या रेघेकडे अजून बघत होत्या. शुक्रवारची रात्र, शनिवार, रविवारची सकाळ. एवढी मोठी दुरुस्ती, एवढे असंख्य धागे, वर नवी माणसे भरली, त्यांना कामाला लावले, आणि या अवधीत मुलगा तर नुसता झोपलेला होता.

"अगं, पण त्यांचा मुकादम कोण?" त्यांनी विचारले.

"कोणाचा?"

"त्या सांधणाऱ्यांचा. कुठे तुटलंय ते कोण सांगतं? किती माणसं लावायची, आधी कुठली रांग, हे कोण ठरवतं?"

"कोणीच नाही, आई."

"कोणीच नाही कसं? कोणीतरी असेल."

"नाही हो. खरंच कोणी नाही. आपोआप होतं."

बाईंनी आलेखावरचे बोट उचलले. मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा पालथा झोपला होता. एक हात पलंगाखाली लोंबत होता, उशी मानेखालून निसटली होती आणि चादरीचा अर्धा भाग फरशीवर पसरला होता. इतका अव्यवस्थित निजलेला माणूस बाईंनी त्या घरात कधी खपवून घेतला नव्हता.

त्यांचा उजवा हात उचलला गेला. छातीपर्यंत आला. तिथे थांबला.

त्यांनी तो हळूच खाली घेतला, दुसऱ्या हातात धरून ठेवला आणि चपलांचा आवाज होऊ न देता त्या दारातून मागे सरल्या.

"काय झालं, आई?" सुनेने बाहेरून विचारले.

"हळू बोल," मुकादमबाई म्हणाल्या. "आत काम चालू आहे."